धुराडे आणि बिऱ्हाडे

मुंबईच्या गिरणगावात उत्तुंग मनोऱ्यांच्या गराड्यात एकाकी उभ्या असलेल्या एका धुराड्याकडे बोट दाखवून आमचे एक वास्तुविशारद स्नेही कृतार्थ स्वरात म्हणाले, "एवढे तरी जपले!" तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. 1982 चा गिरणी कामगारांचा संप आणि त्यानंतरची वाताहत वाचकांस ठाऊकच आहे. माझी तक्रार निराळी आहे. कारखान्याची वास्तू जपणे आणि तिचा केवळ मुखवटा जपणे, यांत काही भेद आहे की नाही?

स्नेह्यांचे दैवत म्हणजे वास्तुविशारद रिकार्दो बोफिल. बार्सिलोनानजीकचा एक जुना सिमेंटचा कारखाना 1973 साली दृष्टीस पडताच त्याने तो घेतला, सुरुंग लावून त्यातला बराच भाग पाडला, उरलेल्या सिमेंटच्या कोठ्यांना खिडक्या पाडून त्यांत कचेरी थाटली, आणि 2022 साली निधन होईपर्यंत त्याच आवारात संसार केला. यंत्रांसाठी बांधलेल्या जागेचा आडमुठेपणा त्याने मुकाट्याने सोसला, हे मला मान्य आहे. (सिमेंटची धूळ ज्यांनी छातीत साठवली, त्यांना तेथे शांत झोप लागली असती की नाही, हा प्रश्न मात्र अशा वास्तूंच्या कौतुकात कोणी विचारीत नाही.)

याउलट व्हिएन्नातील 1896 ते 1899 या काळात उभारलेल्या चार गॅसोमीटरांच्या, म्हणजे कोळशाचा वायू साठविण्याच्या टाक्यांच्या, सुमारे 70 मीटर उंच विटांच्या भिंती तेवढ्या राखून, 2001 पर्यंत चार निरनिराळ्या वास्तुविशारदांनी आत नव्या इमारती बसविल्या, हे मला शुद्ध ढोंग वाटत असे. परंतु त्या भिंतींच्या आत मजले वा दालने मुळात नव्हतीच. टाकीला आडोसा देणे, एवढेच त्यांचे काम. मग आज त्याच आडोशाला सुमारे 600 बिऱ्हाडे नांदत असतील, तर त्यात विटंबना ती कसली? एका कलावंताच्या निष्ठेपेक्षा ही तजवीज मला आता अधिक प्रामाणिक वाटते, आणि मुखवट्याविषयीचा माझा सोवळेपणा येथेच संपतो. किती माणसांना छप्पर मिळाले, हीच खरी कसोटी.

ती कसोटी गिरणगावाला लावून पाहावी. चाळीतील एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांच्या शहरात, गिरण्यांची उत्तरेचा उजेड आत घेणारी करवतीच्या दात्यांसारखी छपरे जमीनदोस्त झाली आणि धुराडे शोभेला राहिले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे विकसित होणाऱ्या गिरणीच्या जमिनीतून मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक घरांसाठी देणे भाग होते. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली, छपरांखालची जमीन हिशेबातून वगळली गेली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.