पावसाळी दोष

माझ्याकडे एक प्रीमियर पद्मिनी आहे. सासऱ्यांनी ती प्रेमाने दिली, असे बायको म्हणते. त्यांनी पार्किंगची जागा मोकळी करून घेतली, असे मी म्हणतो. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. आमची अजून खोपटात सेवेत आहे. सेवेत म्हणजे, बऱ्याचदा एसटी स्टँडच्या जवळपास बंद पडून उभी.

मे महिन्यात ही गाडी म्हणजे साक्षात साध्वी. पण मृगाचे चार थेंब पडले की खोकू लागते, धक्के देते. चारातले तीन सिलिंडर कामावर आणि चौथा किरकोळ रजेवर! शेजाऱ्यांनी पेट्रोलमध्ये पाणी असल्याचे निदान केले, साडूंनी कार्बोरेटरवर संशय घेतला. मी दोघांचेही ऐकून दोन्ही खर्च केले. गॅरेजात न्यावी, तोवर ऊन पडलेले असे आणि दवाखान्यात ताप उतरलेल्या पोरासारखी गाडी शहाणी होऊन बसे.

शेवटी मेस्त्री म्हणाले, "साहेब, रात्री आणा. कोरडी गाडी खरं बोलत नाही."

रात्री नऊला त्यांनी दिवे घालवले, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले, मला दूर उभे केले आणि इस्त्रीवाल्याकडे असते तसल्या बाटलीने लांबूनच बारीक फवारा मारला. अंधारात एका वायरीवरून निळी ठिणगी उडाली. टिक्... टिक्... बॅटरी बिचारी बारा व्होल्टची. पण कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते आणि ते या वायरीतून प्लगपर्यंत जातात. त्या वायरीच्या रबराला केसाएवढी चीर होती. हवा कोरडी असली की करंट मुकाट्याने आपल्या वाटेने जाई. ओलाव्याने आडवाट दाखवली की प्लग सोडून तिथेच इंजिनच्या अंगात उतरे.

"म्हणजे दोष पावसाचाच की!" मी म्हटले.

"पाऊस चारही वायरींवर पडतो, साहेब. चीर एकीलाच आहे. पाऊस फक्त दाखवतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती वायरीच्या किमतीमुळे नव्हे.

आठवड्यापूर्वीचीच गोष्ट. लोकल बंद, निम्मा स्टाफ कल्याणपलीकडे अडकलेला, काउंटरसमोर ओल्या छत्र्यांची रांग. एका वृद्ध पेन्शनर गृहस्थांची सही जुळेना. हात थरथरत होता. तिसऱ्यांदा स्लिप परत करताना मी मोठ्याने म्हणालो, "आजोबा, सही येत नसेल तर अंगठा द्या!" रांगेतले चारजण हसले. आजोबांनी स्लिपची घडी केली आणि ते निघून गेले. घरी मी बायकोला सांगितले, "दिवसच तसा होता."

खरे तर कॉमर्सवाल्याला हे कळायला हवे होते. ताळेबंदाखाली बारीक अक्षरात 'संभाव्य देणी' लिहिलेली असतात. ती बेरजेत धरत नाहीत, पण असतात. माझ्या स्वभावाचा ताळेबंद मी आजवर ती टीप सोडून वाचत आलो होतो. मी मनातल्या मनात वकिलीही केली : भरपूर पाणी ओतले तर कुठलीही वायर गळेल! पण शेजारच्या काउंटरवर, त्याच दमट हवेत, तेवढ्याच लांब रांगेसमोर आमच्या बाई म्हणत होत्या, "या आजी, आधी बसा बघू." चार वायरींचा हिशेब इथेही लागू पडत होता.

उन्हाळ्यातला माझा सज्जनपणा खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. दहा महिने गाडी खरोखरच चालते. फक्त चांगुलपणाचा दाखला जुलैमधलाच ग्राह्य धरावा, एवढेच.

वायर दुसऱ्या दिवशी बदलली. माणसाची गॅरेजात मिळत नाही.

मधले महिने आजोबांचा मुलगाच बँकेत येई. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आजोबा स्वतः आले. मी उठून खुर्ची दिली, फॉर्म भरून दिला, सहीसाठी बोट ठेवून जागा दाखवली. माफी मागायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "तुम्ही नवीन दिसता. इथं पूर्वी एक फार रागीट गृहस्थ होते. बदली झाली का त्यांची?"

"नाही आजोबा," मी म्हणालो, "मीच तो. पावसाळ्यात असतो."