भयपटांची प्रतवारी

उत्तम भयपट कोणता, या प्रश्नाचा निकाल बहुधा प्रेक्षक किती घाबरला या मापाने लावण्यात येतो. परंतु केवळ भय हेच माप मानल्यास चित्रपटगृहाची गरजच उरत नाही. शिरूर तालुक्यात भीमेकाठी वसलेल्या वडगाव रासाईच्या शेतकऱ्याला रात्री उसाला पाणी देताना पाचटाची सळसळ ऐकू आली, तर बिबट्याच्या नुसत्या शंकेने त्याच्या अंगावर उभा राहणारा काटा कोणत्याही दिग्दर्शकाच्या सामर्थ्याबाहेरचा आहे. ते भय खरे. पण त्यात आस्वाद नाही.

हा भेद भरताने नाट्यशास्त्रात केव्हाच केला आहे. भय हा स्थायीभाव, भयानक हा रस. शिवाय अद्भुताची उत्पत्ती वीरापासून व भयानकाची बीभत्सापासून होते, असेही त्याने म्हटले आहे. विज्ञानपट व भयपट यांची कुळे येथेच निराळी होतात. जेम्स व्हेलच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१९३१) मात्र ती एकत्र आली. प्रेतांच्या अवयवांतून जीव निर्माण करण्याचा पराक्रम तेथे आहे. आणि निर्मिलेल्या जिवाची जबाबदारी टाळण्याचे पापही आहे. प्रेक्षक भितो राक्षसाला. विचार करू लागला की त्याला निर्मात्याचे भय वाटू लागते.

माझ्या मते प्रतवारीची खरी कसोटी हीच होय: भयाचे बोट अखेर कोणाकडे वळते? राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) हस्तराहून विनायकाची हाव भयंकर ठरते. तथापि सोन्याच्या मुद्रांसाठी जीव धोक्यात घालणाऱ्याकडे पाहून ‘मी काही असा नव्हे’ असे म्हणण्याची पळवाट प्रेक्षकाला उरते. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) ती बुजवतो. उसाच्या फडातील एकाकी घर, गर्भवती स्त्री, भुताटकी ही सामग्री जुनीच. परंतु त्यामागे उभी आहेत ती मुलगी नको म्हणणारी माणसे. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध १९८८ साली कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. गर्भाच्या हितासाठी वापरावयाचे सोनोग्राफीचे यंत्र त्याच्याच नाशास लावले गेले. विज्ञान व बीभत्स यांची ही सांगड कोणा पटकथाकाराच्या कल्पनेतून निघालेली नाही.

यावर कोणी म्हणेल की, अशाने कलेचे कीर्तन होईल. आक्षेप रास्त आहे. जो चित्रपट भिववतच नाही, त्याला या पंक्तीत पानच मांडू नये. सद्धेतू ही त्याची भरपाई नव्हे. परंतु भिवविण्यात तुल्यबळ असणाऱ्यांपैकी ज्याचे भय दिवे लागताच सरते तो खालचा, आणि ज्याचे भय घरी आल्यावर आपल्याच माणसांकडे, आपल्याच मौनाकडे पाहावयास लावते तो वरचा. म्हणून मी ‘लपाछपी’ला ‘तुंबाड’च्या वर बसवतो, दृश्यवैभवात तो उणा असूनही.