जो दवाखान्यात आलाच नाही



बारावीचा निकाल जवळ आला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मार्क चांगले पडले तर डॉक्टर, नाहीतर इंजिनिअर, तेही जमले नाही तर नर्सिंग किंवा फार्मसी. आजाऱ्यांची सेवा करावी असे मनापासून वाटणारी मुलेमुली आपल्या धर्मग्रामात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण या चर्चेत सार्वजनिक आरोग्य हा विषय सहसा कोणी काढत नाही. आज त्याविषयी, आणि त्यामागच्या एका नैतिक प्रश्नाविषयी, थोडे लिहितो.

प्रश्न असा आहे. समोर विव्हळत असलेल्या माणसाला बरे करणे ही सेवा, याबद्दल कोणाला शंका नाही. पण जो आजारी पडलाच नाही, ज्याचे नावही आपल्याला कधी कळणार नाही, त्याच्यासाठी राबणे हीसुद्धा तेवढीच सेवा आहे का? की तो नुसता रजिस्टर भरण्याचा कारभार?

आपल्या वडीलधाऱ्यांना 'नारू' हा शब्द आठवत असेल. तरुणांना तो बहुधा ठाऊक नसेल. पाण्यातील सूक्ष्म किड्यांवाटे नारूचे जंतू माणसाच्या पोटात जात आणि साधारण वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा लांब कृमी बाहेर पडू लागे. तो काडीला गुंडाळत कितीतरी दिवस हळूहळू ओढावा लागे. तोपर्यंत शेतातले काम बंद आणि मजुरीही बंद. असा पाय घेऊन माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहिला की नवे जंतू पाण्यात, आणि तेच पाणी साऱ्या गावाच्या घागरीत.

या रोगावर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते. तरीही १९८०च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने तो देशातून घालवला. कसा? पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळायला शिकवले, पाण्यात किडे मारणारे औषध टाकले आणि गावोगाव फिरून एकेक रुग्ण शोधला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त असल्याचे मान्य केले.

आता सांगा, त्या हातपंप बसवणाऱ्याचे, फडके वाटत फिरणाऱ्या आरोग्य सेवकाचे आभार कोणी मानले? प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केले, त्यांतला एक तरी परत आला. इथे तो एकही येत नाही. कारण आपण कशातून वाचलो हे त्याला स्वतःलाच माहीत नसते.

मग चेहरा न पाहिलेल्या माणसावर प्रेम करता येते का? संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन प्रेमाचा अर्थ सांगितला आहे, तो म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. या व्याख्येत चेहऱ्याची अट नाही. कणव दाटून यायला समोर कोणीतरी लागतो, हे खरे. पण प्रेम हा केवळ भावनेचा विषय नसून इच्छाशक्तीचाही आहे. ज्याचे भले व्हावे असे वाटते त्याने आपल्याला ओळखलेच पाहिजे असे नाही.

आपल्या जिल्ह्याकडेच पाहा. डॉक्टरची जबाबदारी दारात आलेल्या रुग्णापासून सुरू होते. पण उपकेंद्रातील आरोग्य सेविकेकडे साधारण पाच हजार लोकसंख्या असते. ते लोक आले तरी तिचे, न आले तरी तिचे. दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा भागातील कुटुंबे ऊसतोडीला निघतात. त्यांच्यासोबत गेलेल्या तान्ह्या बाळाचा पुढचा डोस फडावर कोण देणार? गरोदर बाईची तपासणी कुठे होणार? ही माणसे कोणत्याच दवाखान्याच्या रांगेत दिसत नाहीत. कोणीतरी यादी घेऊन 'हे बाळ का आले नाही?' असे विचारावे लागते. माझ्या मते तो प्रश्न विचारणे ही सेवेची सुरुवातच आहे. तीच गोष्ट पाण्याची. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण ते साठवतो आणि त्याच स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे दारोदार सांगणारी आशाताई किती जणांचा ताप टाळते, हे कोणत्याही केसपेपरवर लिहिले जात नाही.

पण या कामात एक मोठा धोकाही आहे. हजारोंचा विचार करता करता माणसाचा आकडा होऊ शकतो. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. प्लेग कमिशनर रँड यांच्या अमलात साथ आवरण्यासाठी सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, लोकांची मानहानी झाली आणि त्या संतापातून रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी, त्याच साथीत, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. रोग एकच होता. एका बाजूला माणसांविषयी आदर नसलेली व्यवस्था होती, दुसऱ्या बाजूला व्यवस्थेचे बळ नसलेले प्रेम. दोन्ही एकत्र यायला हवे होते.

ते येऊ शकते, हे बीडच्या पलीकडे जामखेडला दिसले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती दांपत्य. आधी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की बरे करून घरी पाठवलेली माणसे तेच आजार घेऊन परत येतात. म्हणून त्यांनी अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायकांना तयार केले. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. बाळाचे वजन, जुलाबात मीठ-साखर-पाणी, सुरक्षित बाळंतपण हे सारे त्या शिकल्या आणि त्यांनी गावाला शिकवले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या सल्ल्याने गावातली बाळे वाढू लागली, हे मला त्या पुरस्काराहून मोठे वाटते.

तरुणांनो, या वाटेला दारे अनेक आहेत. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तुमच्यापैकी कोणी तिथे पोहोचलात, तर पीएसएम या विषयाकडे पास होण्यापुरते पाहू नका. नर्सिंग केलेल्यांना उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. कोणाला आकडेमोड आवडते, कोणाला पाण्याचे शास्त्र, कोणाला लोकांशी बोलणे. समाजकार्य वा संख्याशास्त्र शिकलेल्यांसाठीही सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण खुले आहे. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, पगार बेताचा असतो, हे मी लपवणार नाही. ज्याचा हात रुग्णाच्या कपाळावर ठेवण्यासाठीच घडला आहे, त्याने खुशाल डॉक्टर किंवा नर्स व्हावे. समोरच्याला टाकून आकड्यामागे धावा, असे मी म्हणत नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलगी म्हणाली, "मला गावोगाव फिरून हे काम करायचे आहे," तर "मग डॉक्टरच का होत नाहीस?" असे लगेच विचारू नका. तिचे म्हणणे आधी ऐकून घ्या. तिच्या कामामुळे जे बाळ आजारी पडणार नाही, त्याची आई कधी आभार मानायला तुमच्या दारी येणार नाही. म्हणून निदान तुम्ही तरी तिच्या पाठीवर हात ठेवा.