खोटे विमान, खरा शेजारी

ज्या कृतीचा परिणाम एका क्षणात पुसून टाकता येतो, ती कृती नीतीच्या कक्षेत येते काय? सेमिनरीत नीतिशास्त्राचे धडे गिरवीत असताना हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता. तो आमच्यापुढे उभा केला धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन तरुणाने.

कुटुंबभेटीसाठी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो संगणकावर सिम्युलेटरचे विमान चालवीत होता. “फादर, बसा ना. थोड्याच वेळात आमचं सामूहिक उड्डाण आहे,” तो म्हणाला. पुढच्या घरी जायची आम्हांला घाई होती. तसे सांगून आम्ही बसलो.

पडद्यावर नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहातील लाँगइयरब्येनचा छोटा विमानतळ होता. ७८ अंश उत्तर अक्षांशावरील हा विमानतळ १९७५ साली सुरू झाला. त्याची एकुलती एक धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे. हिवाळ्यात तेथे साडेतीन महिने सूर्य उगवत नाही. त्या काळोखात दहाबारा विमाने दिवे लावून ओळीने उभी होती. सर्वांना समुद्रापलीकडे ट्रॉम्सो गाठायचे होते. विमाने चित्रातली, पण प्रत्येकामागे कोठल्या तरी देशात आपल्या घरी बसलेला एक जिवंत माणूस होता. या विमानतळावरील माहितीसेवा वैमानिकाला वारा कसा आहे, धावपट्टी मोकळी आहे की नाही, एवढे सांगते. निर्णय वैमानिकाने घ्यायचा असतो. ती भूमिकाही एक स्वयंसेवक आवाजाद्वारे पार पाडीत होता.

एक विमान उतरण्याच्या बेतात असल्याचे त्याने सांगितले. तरीही आमच्या तरुणाने रांग मोडून आपले विमान धावपट्टीवर नेले. उतरणाऱ्याला पुन्हा वर चढून फेरी मारावी लागली. मागचे सारे खोळंबले. आम्ही प्रश्नार्थक पाहिले, तेव्हा तो किंचित ओशाळून म्हणाला, “तुम्हांला निघायचं होतं ना, फादर? आणि हा शेवटी खेळच आहे.”

कोणाचे रक्त सांडले नव्हते, पत्राही वाकला नव्हता. मग अपराध कोणता?

खेळ म्हणून सर्व काही क्षम्य, असे ख्रिस्ती परंपरा मानीत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खेळातही सद्गुण असू शकतो काय, असा प्रश्न घेऊन त्याचे होकारार्थी उत्तर दिले. मनाला विसावा हवा, म्हणून खेळ हवा. पण तोही विवेकाच्या मर्यादेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे खेळताना आपण नीतीला सुटी देत नाही.

शिवाय या खेळाच्या मुळाशीच माणसाच्या जिवाची काळजी आहे. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक यांनी जमिनीवर राहून उड्डाण शिकविणारे यंत्र बनविले. चूक येथे व्हावी, म्हणजे आकाशात होणार नाही, हा अशा यंत्रांचा उपयोग. आणि त्या पडद्यावरील काळोखात लाँगइयरब्येनच्या पूर्वेचा ओपेरा पर्वतही होताच. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून येणारे विमान मार्गापासून बाजूला सरकून त्यावर आदळले. खाणकामगार, त्यांचे कुटुंबीय व कर्मचारी असे १४१ जण, म्हणजे विमानातील सर्वच, मृत्यू पावले. चित्रातल्या पर्वतावर आदळलेले विमान एक कळ दाबताच पूर्ववत होते. त्या १४१ जणांसाठी अशी कळ नव्हती.

परंतु आमच्या मते मुख्य मुद्दा याहूनही साधा आहे. विमान खोटे असले, तरी रांगेत थांबलेल्यांचा वेळ खरा होता, स्वयंसेवकाने टाकलेला विश्वास खरा होता आणि तो मोडण्याचा निर्णयही खरा होता. संगणकाच्या जाळ्यावर संस्कार होऊ शकत नाहीत, हे परमपीठाच्या सामाजिक संपर्कमाध्यमविषयक मंडळाने २००२ साली स्पष्ट केले आहे. संस्काराला देहाची उपस्थिती लागते. पाप करायला मात्र ती लागतेच असे नाही. जेथे शेजारी आहे, तेथे त्याला दुखावता येते, आणि त्याच्यावर प्रीतीही करता येते.

आम्ही त्या तरुणाला प्रवचन दिले नाही. त्याची घाई आमच्यामुळेच होती, तेव्हा दोषाचा काही वाटा आमच्याकडेही येत होता. “घाई माझी होती, तुझी नव्हती,” एवढेच म्हणालो. तो क्षणभर गप्प राहिला. मग ध्वनिक्षेपकाची कळ दाबून त्याने चूक कबूल केली व सर्वांची क्षमा मागितली. पलीकडून शांत उत्तर आले : काही हरकत नाही, रांगेत शेवटी ये.

ते ऐकून आम्हांला पापनिवेदनाच्या खुर्चीची आठवण झाली. कळ दाबली की यंत्र झालेले विसरते. क्षमेचे तसे नाही. क्षमा करणाऱ्याला अपराध ठाऊक असतो, तरी तो रांगेतून हाकलून देत नाही. आणि क्षमा झाल्यावरही प्रायश्चित्त उरतेच, शेवटी उभे राहावे लागते.

त्याचा क्रमांक येईपर्यंत आम्ही बसून राहिलो. पुढच्या घरी पोहोचायला उशीर झाला, तेव्हा तेथे आम्हीही क्षमा मागितली.