औषधानें आलेलें समाधान

गेलीं पंचवीस वर्षें मी विद्यार्थ्यांना जॉन स्टुअर्ट मिल्लचें आत्मचरित्र शिकवीत आलों आहें. त्यांतील पांचवें प्रकरण आलें म्हणजे वर्ग एकदम शांत होतो. १८२६ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, या असामान्य बुद्धीच्या तरुणाला असें आढळून आलें कीं, ज्या सुधारणांसाठीं आपण जगत आहों त्या सर्व या क्षणीं घडून आल्या, तरी आपणांस त्यांचा कांहींच आनंद होणार नाहीं. कित्येक महिने तो त्याच ग्लानींत राहिला. पुढें मार्मोंतेल या फ्रेंच ग्रंथकाराच्या आठवणी वाचतांना त्याच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यानंतर वर्डस्वर्थच्या कवितांनीं त्याला आधार दिला, आणि तो सांवरला. मनुष्य विचारानें व काव्यानें स्वतःस कसा तारतो पाहा, असें तात्पर्य मी दरवर्षीं सांगत असें. दोन वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या बंधूच्या बाबतींत जें घडलें, तेव्हांपासून हें तात्पर्य माझ्या तोंडीं येईनासें झालें आहे.

बंधू बँकेंत अधिकारी. घरीं कसलीच ददात नाहीं. तरीहि त्याची झोंप पहांटे तीनलाच मोडूं लागली, अन्नावरची वासना उडाली, आणि पेटीवर हात फिरविल्याखेरीज ज्याचा दिवस जात नसे तो पेटीचें झांकणहि उघडीना. डॉक्टरांनीं नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या. दीडदोन महिन्यांनीं तो पुन्हां माणसांत बोलूं लागला. मला आनंद व्हावयाचा, तो न होतां मनांत एक अढी बसली. एके दिवशीं मीं त्याला म्हटलें, "अरे, या कुबड्या किती दिवस घेणार? मन घट्ट कर." तो माझा शब्द खालीं पडूं देत नाहीं. डॉक्टरांना न विचारतां त्यानें गोळ्या एकदम बंद केल्या. पहिल्याच आठवड्यांत घेरी, मळमळ, भलतींसलतीं स्वप्नें. आणि दोन महिन्यांच्या आंत तो पुन्हां अंथरुणाला खिळला. भावजयीनें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं.

ती अढी कसली होती? गोळीनें आलेलें समाधान हें त्याचें स्वतःचें नव्हे, तें उसनें आहे, अशी माझी समजूत होती. शिवाय, या औषधांमागील उपपत्तीच मुळीं खोटी ठरल्याचें मीं कोठें तरी वाचलें होतें. त्यांत तथ्य आहे, पण मीं काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. हीं औषधें उपपत्तींतून निघालींच नाहींत. तीं अकल्पित हातीं लागलीं. १९५२ सालीं न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देऊन पाहत असतां ते विलक्षण उल्हसित झालेले दिसले. पुढें स्वित्झर्लंडमध्यें रोलांड कून यांना इमिप्रामिनचा गुण असाच आढळला; तें औषध त्यांच्याकडे आलें होतें तें भलत्याच मनोविकारावर अजमावण्यासाठीं. त्यांनीं आपला अनुभव १९५७ सालीं प्रसिद्ध केला. मेंदूंत सेरोटोनिन कमी पडतें म्हणून नैराश्य येतें, हें स्पष्टीकरण मागाहून जोडलें गेलें, आणि २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समालोचनांत त्याला सुसंगत पुरावा सांपडला नाहीं. पण सिंकोनाच्या सालीनें हिंवताप हटतो हें युरोपांत सतराव्या शतकापासून ठाऊक होतें. त्या तापाचा जंतु लाव्हरानला दिसला तो १८८० सालीं. मधल्या दोन शतकांत जे बरे झाले ते खोटेच बरे झाले असें कोणी म्हणत नाहीं.

गुण येतो तरी किती? २०१८ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत एकवीस औषधांच्या ५२२ प्रयोगांचा एकत्र विचार प्रसिद्ध झाला. त्यांत १,१६,४७७ रोगी होते. हीं सर्वच औषधें नकली गोळीपेक्षां सरस ठरलीं. मात्र सरासरीनें तो फरक बेताचाच, आणि बहुतेक प्रयोग आठएक आठवड्यांचे. एकाला एक लागू पडतें, दुसऱ्याला दुसरें, तिसऱ्याला कोणतेंच नाहीं. तरुण रोग्यांत आरंभीं आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका असल्यामुळें त्यांच्यावर बारकाईनें नजर ठेवावी लागते. आणि कर्जानें पिचलेल्या शेतकऱ्याला गोळी देऊन त्याचें कर्ज फिटत नाहीं, हेंहि डॉक्टरांना कोणी तरी सांगावें लागतें.

पण माझा आक्षेप गुणावगुणाचा नव्हताच, नीतीचा होता. आणि तो मिल्लच्या बाबतींत मीं कधींच घेतला नव्हता. मिल्ल तरी स्वतःच्या बळावर कोठें उठला? त्यानें निश्चय केला म्हणून त्याचे डोळे भरून आले नाहींत. एक पुस्तक हातीं आलें, आणि तें आले. कवितेला आपण उत्तर देऊं शकतों, गोळीशीं वाद घालतां येत नाहीं, हा भेद मला मान्य आहे. गोळी असती तर त्या ग्लानींतून पुढें घडलेला मिल्ल जगाला मिळाला नसता, असेंहि एका विद्यार्थ्यानें म्हटलें होतें. परंतु मिल्लच सांगतो कीं, त्या काळीं आपण केवळ संवयीनें यंत्रासारखें काम करीत होतों. नवा विचार त्याला सुचला तो ग्लानि ओसरूं लागल्यावर. विषादाची थोरवी सांगतांना आपण अर्जुनाचें नांव घेतों. पण अर्जुन ऐकत होता, उलट प्रश्न विचारीत होता. माझ्या बंधूला त्या दिवसांत वर्तमानपत्रांतलें एक वाक्यहि शेवटपर्यंत वाचवत नव्हतें. त्याला मी मन घट्ट करावयास सांगत होतों!

औषध पुन्हां सुरू झालें. या खेपेस गुण यावयाला अधिक दिवस लागले. एका संध्याकाळीं धीर करून मीं त्याला विचारलें, "हें समाधान तुला तुझें स्वतःचें वाटतें का रे?" तो जरा थांबला. "दादा, तें मला सांगतां यावयाचें नाहीं," तो म्हणाला. "आतां पेटीवर सूर चुकला तर चुकलेला ऐकूं येतो. तेव्हां सगळे सारखेच वाटत." 

गेल्या महिन्यापासून डॉक्टरांनीं मात्रा थोडथोडी कमी करावयास घेतली आहे. त्या तारखा भावजयीनें मला सांगितल्या, त्या मीं माझ्या दैनंदिनींत लिहून ठेवल्या आहेत.