वाटसरूचे ऋण

कर्जतशेजारच्या खालापूर तालुक्यात चौकहून निघावे, डोंगरउतारावरील इर्शाळवाडीतून इर्शाळगड गाठावा आणि सायंकाळी निघाल्या जागी परतावे, अशी अनेकांची भटकंती असे. फेरी पूर्ण झाली, म्हणजे वाटसरूचे कर्तव्यही संपते काय?

वाडीतील ठाकर कुटुंबांनी कित्येकांना पाणी दिले, भाकरी वाढली. १९ जुलै २०२३ च्या रात्री वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत.

जेवणाचा हिशेब पैशांनी मिटतो. ओळखीचा मिटत नाही. ज्याच्या अंगणातून आपण गेलो, त्याचे नाव विचारावे, त्याच्या घरामागचा डोंगर पावसाळ्यात त्याला झोप लागू देतो का, हेही विचारावे. शेजारधर्माचा आरंभ तेथेच होतो.