जिमच्या आईचा हिशेब

बालाघाटला समुद्र नाही. आमची धाव वैनगंगेपर्यंत. तरीही समुद्री चाच्यांच्या एका गोष्टीने मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात जो वाद पेटवला, तो अजून पुरता विझलेला नाही. वाद गोष्टीपुरताच राहिला असता, तर तो या पानांवर आणण्याचे कारण नव्हते.

गोष्ट स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ची. १८८१ साली, घरात रंगवलेल्या एका बेटाच्या नकाशावरून त्याला ती सुचली आणि १८८३ मध्ये तिचे पुस्तक झाले. सराई चालवणाऱ्या गरीब घरातल्या जिम नावाच्या मुलाला फ्लिंट या मेलेल्या चाच्याच्या खजिन्याचा नकाशा सापडतो. गावचे जमीनदार ट्रेलॉनी आणि एक डॉक्टर त्याला घेऊन जहाजाने निघतात. जहाजावरचा एका पायाचा, गोडबोल्या स्वयंपाकी सिल्व्हर हाच चाच्यांचा म्होरक्या निघतो. पुढची झुंज बहुतेकांना ठाऊक असते.

सुट्टीत पुतण्या नागपूरहून आला. त्याने या गोष्टीची दूरचित्रवाणीसाठी केलेली दोन रूपे आम्हांला ओळीने दाखवली. पहिले १९९० चे, अमेरिकेतले. त्यात चार्ल्टन हेस्टन सिल्व्हर आहे आणि जिमच्या कामात पुढे मोठा नट झालेला ख्रिश्चन बेल. ते पुस्तकाचे बोट फारसे सोडत नाही. दुसरे २०१२ चे, इंग्लंडमधले, दोन भागांचे. त्यात एडी इझार्ड सिल्व्हर आहे. या दुसऱ्याने मात्र शेवट फिरवला आहे. पुस्तकात सज्जन मंडळी सात लाख पौंडांचा खजिना घरी आणून वाटून घेतात. इथे जमीनदार लोभी दाखवला आहे आणि अखेर जिम तो खजिना समुद्रात लोटून देतो.

झाले! घरात दोन फळ्या पडल्या. पुतण्या चिडला. म्हणाला, “दुसऱ्याच्या गोष्टीचा शेवट बदलायचा अधिकार यांना कोणी दिला? उद्या रामायणातही रावणाला माफी देतील!” दादा जन्मभर हिशेबाच्या नोकरीत. त्यांना पहिलाच शेवट न्यायाचा वाटला. “जीव धोक्यात घालून आणला ना? मग तो त्यांचा. समुद्रात टाकून कोणाचं भलं झालं?” आमच्या सौ.चे मत उलट. “पापाचा पैसा. तो घरात आला नाही तेच बरं. शेवट बदलला म्हणूनच ही गोष्ट मुलांना दाखवण्यासारखी झाली.” मुलांना यातले काहीच नको होते. त्यांना सिल्व्हर आवडला होता, आणि ज्याने एका खलाशाचा आपल्या हाताने जीव घेतला तो माणूस मुलांना आवडावा, याचे मोठ्यांना भय वाटत होते.

या सगळ्या गलक्यात आठ वर्षांची नात एवढेच म्हणाली, “पण आजोबा, ते पैसे पहले कोणाचे होते?” आमच्याकडची मुले अशीच बोलतात, अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे. कोणी उत्तर दिले नाही. मी तर मुद्दामच दिले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक काढून बसलो. लहानपणी वाचताना तलवारींकडेच लक्ष होते. या खेपेला पैशांकडे पाहिले. जिमच्या सराईत मेलेल्या म्हाताऱ्या चाच्याच्या पेटीत एक हिशेबाची वही सापडते. तिच्यात तारखा आहेत, रकमा आहेत, पण नावांच्या जागी नुसत्या फुल्या आहेत. जमीनदारसाहेब उलगडा करतात की, एकेक फुली म्हणजे बुडवलेले एकेक जहाज किंवा लुटलेले गाव. उलगडा करतात, आणि लगेच जहाज विकत घ्यायच्या गडबडीला लागतात. फुलीमागे नाव होते, हा विचार ना त्यांच्या मनात येतो ना डॉक्टरांच्या. आणि ही दोघे तर गोष्टीतली सज्जन माणसे!

त्या फुल्या आपल्यापासूनही फार दूर नाहीत. सिल्व्हरचा पोपट गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयच्या जहाजाची लूट पाहून आला आहे, असे स्टीव्हन्सनने लिहिले आहे. गोव्याहून परतणाऱ्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचे जहाज १७२१ मध्ये चाच्यांनी खरोखरच लुटले होते. त्याआधी १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने मक्केहून सुरतेला येणारे बादशाही जहाज ‘गंज-इ-सवाई’ लुटले. त्यावरच्या यात्रेकरूंचे हाल इतिहासात नमूद आहेत. बेटावर खजिना मोजताना जिमला कोळ्याच्या जाळ्यासारखी अक्षरे असलेली पूर्वेकडची नाणी दिसतात. त्याला ती गंमत वाटते. ज्याला ती अक्षरे वाचता येत असतील, त्याला ती गंमत वाटली नसती.

अख्ख्या पुस्तकात ‘यातले माझे किती?’ असा प्रश्न मला एकाच व्यक्तीने विचारलेला दिसला. ती म्हणजे जिमची आई. म्हातारा चाचा कित्येक महिन्यांचे पैसे न देता मेला आहे, त्याचे साथीदार कोणत्याही क्षणी दारावर येतील, आणि ही बाई पेटी उघडून नाणी मोजत बसते. देशोदेशीची नाणी एकत्र मिसळलेली. तिला हिशेब जमतो तो फक्त गिनीचा. येणे आहे तेवढे घेईन, छदामही जास्त घेणार नाही आणि कमीही घेणार नाही, हा तिचा हट्ट. त्या हट्टापायी मायलेकरांचा जीव जायची वेळ येते. हिशेब पुरा न होताच ती उठते, आणि जिम उरलेल्या येण्यापोटी एक गुंडाळी उचलतो. त्या गुंडाळीतच नकाशा! म्हणजे आईच्या नेमक्या हिशेबात मुलाने जो ‘अंदाजे’ घातला, त्यातून पुढची सगळी खूनखराबी निघाली.

आता नातीला उत्तर का दिले नाही ते सांगतो. आमच्या माळ्यावर एक शिसवी पेटी आहे. आजोबांची लांजीकडच्या खेड्यांत सावकारी होती. पेटीत चौदा पुरचुंड्या आहेत. कोणात चांदीची हसली, कोणात वाळे, कोणात तोडे. एकीत तान्ह्या पोराची साखळी. प्रत्येकीत मोडीतली चिठ्ठी: नाव, गाव, रक्कम. सोबत वाळवीने निम्मी खाल्लेली खतावणी. गहाण ठेवलेले कोणी सोडवायला आले नाही; आजोबा गेले, वडील गेले, पेटी राहिली. आई असताना म्हणायची, सगळे देवीला वाहून टाका, घराचा दोष जाईल. दादा म्हणायचे, मुदत केव्हाच सरली, आटवून मुलींच्या लग्नांत वाटू. म्हणजे दूरचित्रवाणीने दाखवलेले दोन्ही शेवट आमच्या घरात आधीपासून मुक्कामाला होते, आणि मी दोन्हीला ‘बघू’ म्हणून तीस वर्षे काढली होती.

त्या रात्री मला वाटले, वाटून घेणे आणि समुद्रात टाकणे ही दिसायला दोन टोके आहेत, पण दोन्हींत मालक गैरहजर आहे. खजिना पाण्यात गेला म्हणून गंज-इ-सवाईवरच्या यात्रेकरूला काही परत मिळाले नाही. जिमचे हात तेवढे स्वच्छ झाले. हात स्वच्छ करणे आणि देणे फेडणे या दोन गोष्टी आहेत. देवीच्या मुकुटात तान्ह्या पोराची साखळी आटली असती, तर आम्हांला पुण्य लागले असते. त्या पोराच्या घराला काय? नव्या शेवटावर माझा आक्षेप असलाच तर तो हाच. मूळ गोष्ट बदलली याचा मला राग नाही. ती पुरेशी बदलली नाही, एवढेच म्हणणे आहे. उलट जुन्या पुस्तकाचा शेवट अवघडल्यासारखा आहे, म्हणून तो प्रश्न तरी जिवंत ठेवतो. सिल्व्हर तीन-चारशे गिन्यांची थैली घेऊन पळतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. चोराने चोरीच्या मालातून थोडे चोरले, याचा कोणाला राग यावा?

भंडाऱ्याच्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून मी चिठ्ठ्या वाचून घेतल्या. नऊ नावे लागली. दादा नाराज झाले. “आजोबांचं नाव गावोगाव कशाला घालवतोस? अडल्या वेळी त्यांच्याशिवाय कोणी दिलं होतं का लोकांना?” तेही खोटे नाही. पण पुरचुंडीतले चांदीही खोटे नाही.

आतापर्यंत तीन घरे सापडली. एकाने मुकाट्याने घेतले. दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बाईने वाळे हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि विचारले, “इतकी साल कुठं होते तुम्ही?” मला उत्तर सुचले नाही. तिसऱ्याने घेतलेच नाही. त्याला भीती होती की, हसली घेतली तर मागून व्याज मागायला येऊ. तीन पिढ्या उलटूनही आमच्या घराची त्याच्या घरातली ओळख तेवढीच उरली होती. जिमच्या आईला घाई करावी लागली, कारण चाचे दाराशी होते. आम्हांला घाई नव्हती, म्हणूनच आम्ही उशीर केला.

उरलेल्यांचे काय, हे मला ठाऊक नाही. पाच चिठ्ठ्या वाचतच नाहीत. त्या आमच्या वहीतल्या फुल्या. पण ज्यांची नावे लागतात त्यांना फुली करायची नाही, एवढे ठरले आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला ती वाळवी लागलेली खतावणी पाटावर ठेवणार आहोत. नातीने आतापासूनच मोजून ठेवले आहे: बारा बाकी.